ओव्हरक्लॉक केलेल्या डेस्कटॉपचे वॉटर कूलिंग सुधारताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या डेस्कटॉपमध्ये आधीपासून वॉटर कूलिंग आहे, पण ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) वाढवल्यावर ते अपुरे पडू लागले आहे, अशा वाचकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. उदाहरणांतले तापमानाचे आकडे सेल्सियसमध्ये आहेत.

प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे जातो. मोठा रेडिएटर घ्यावा की चांगला वॉटरब्लॉक?

पाण्याचे तापमान कळल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि ते न मोजता केलेली खरेदी ही या छंदातली सर्वांत महागडी चूक ठरते. प्रोसेसरच्या गाभ्यात तयार झालेली उष्णता खोलीतल्या हवेत जाईपर्यंत तिला दोन मोठे टप्पे ओलांडावे लागतात. पहिला टप्पा गाभ्यापासून पाण्यापर्यंतचा. त्यात प्रोसेसरचे धातूचे झाकण, थर्मल पेस्ट आणि ब्लॉकची, म्हणजे प्रोसेसरवर बसून उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागाची, तांब्याची तळपट्टी येते. दुसरा टप्पा पाण्यापासून हवेपर्यंतचा. तो रेडिएटर आणि पंख्यांच्या हवाली असतो. अडचण कोणत्या टप्प्यात आहे, ते केवळ पाण्याचे तापमान सांगते.

समजा खोली ३१ अंशांवर, पाणी ३८ वर आणि गाभा ९६ वर आहे. म्हणजे पाणी हवेपेक्षा फक्त ७ अंशांनी गरम आहे, पण गाभा पाण्यापेक्षा ५८ अंशांनी वर आहे. अशा वेळी दुप्पट क्षमतेचा रेडिएटर बसवला, तरी ७ चे साडेतीन होतील आणि गाभा ९२ किंवा ९३ वर येईल. हजारो रुपये खर्चून मिळालेले हे साडेतीन अंश व्होल्टेज थोडे उतरवून फुकटात मिळाले असते. उलट त्याच खोलीत पाणी ५२ वर आणि गाभा ९८ वर असेल, तर दोष उघडच रेडिएटरच्या बाजूला आहे आणि ब्लॉक बदलून फारसे काही साधणार नाही.

माझ्या स्वतःच्या यंत्रात कोअर आय९-१२९००के आहे आणि त्यावर आधी २४० मिलिमीटरचा बंद कूलर (कारखान्यातूनच द्रव भरून आलेला) होता. प्रोसेसर २२० वॉटवर बांधून ठेवला असतानाही ३२ अंशांच्या खोलीत पाणी ५४ आणि गाभा ९७ दाखवत होता. ३६० आणि २८० असे दोन रेडिएटर, स्वतंत्र पंप आणि नवा ब्लॉक बसवल्यावर तेवढ्याच वॉटला पाणी ४१ आणि गाभा ८३ झाला. वजाबाकी करून पाहिली, तर आधीचे अंतर ४३ अंशांचे आणि नंतरचे ४२ चे. म्हणजे १४ अंशांच्या सुधारणेतले १३ रेडिएटरांनी दिले होते आणि ज्या ब्लॉकचे मी सर्वांना कौतुक सांगत होतो, त्याचा वाटा अवघ्या एका अंशाचा होता.

पाण्याचे तापमान मोजावे कसे?

काही बंद कूलर ते स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवतात. स्वतः जुळवलेल्या लूपसाठी (पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि नळ्यांमधून पाणी फिरवणाऱ्या साखळीसाठी) जी १/४ या मापाच्या आट्यांचा, दोन तारांचा सेन्सर मिळतो. तो रेडिएटरच्या किंवा रिझर्व्हॉयरच्या (पाण्याच्या टाकीच्या) रिकाम्या तोंडात बसवून मदरबोर्डवरच्या तापमान-सेन्सरच्या पिनांना जोडावा. ही सोय प्रत्येक मदरबोर्डवर नसते, म्हणून आधी मॅन्युअल पाहावे. नसेल तर वेगळा फॅन कंट्रोलर घ्यावा लागतो.

आकडा वाचण्याची घाई मात्र करू नये. गाभा काही सेकंदांत तापतो, पाण्याला स्थिर व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. सिनेबेंच या भार-चाचणीची एक फेरी धावली आणि पाणी ३४ वरच राहिले, याला काहीही अर्थ नाही. अर्धा तास सलग भार ठेवून, खोलीचे तापमान रेडिएटरच्या हवा ओढणाऱ्या बाजूला मोजून, मगच दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

पाण्याचे तापमान हाती आले की पंख्यांचा वेगही त्याच्यावरच बांधावा. गाभ्याच्या तापमानावर बांधलेले पंखे ब्राउझर उघडला तरी गुरगुरतात आणि लगेच शांत होतात. पाण्यावर बांधलेले पंखे सावकाश चढतात आणि सावकाश उतरतात.

पाणी ३५ अंशांवर असूनही रायझेन ९५ दाखवतो. काय चुकते आहे?

कदाचित काहीच चुकत नाही. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतले ७९५०एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेले आहेत. तापमानाला वाव मिळाला की ते घड्याळाचा वेग (क्लॉक स्पीड) वाढवून तो वाव वापरून टाकतात. अशा प्रोसेसरवर सुधारणेचे माप अंशांत न घेता भाराखाली टिकणाऱ्या मेगाहर्ट्झमध्ये घ्यावे. तापमान उतरवायचेच असेल, तर बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) वॉटची मर्यादा कमी करणे किंवा तिथल्याच कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीने व्होल्टेज खाली आणणे हे नव्या ब्लॉकपेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

मे महिन्यात सगळेच आकडे वाढतात. वॉटर कूलिंगने हा प्रश्न सुटत नाही का?

नाही सुटत. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. नागपुरात बाहेर ४५ अंश आणि बिनएसीच्या खोलीत ३८ असताना, अगदी उत्तम लूपमधले पाणीही भाराखाली ४६ ते ४८ च्या घरात राहील. जानेवारीत रात्री जुळवून स्थिर वाटलेले ओव्हरक्लॉक मेमध्ये कोसळते ते यामुळेच. म्हणून अंतिम सेटिंग उन्हाळ्यातच ठरवावी, किंवा दोन वेगवेगळी प्रोफाइल बायोसमध्ये साठवून ठेवावीत.

एसी लावणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. प्रोसेसरचे २५० आणि ग्राफिक्स कार्डाचे ४५० असे ७०० वॉट शेवटी त्याच खोलीत येतात. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. त्याचा पाचवा हिस्सा एकटा संगणक खाऊन टाकतो.

पाणी हवेपेक्षा थंड करणारा चिलर किंवा पेल्टियर (विजेवर एक बाजू थंड होणारी चकती) लावण्याचा मोह काहींना होतो. मुंबईत जुलैमध्ये दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचू लागते) २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड झालेल्या ब्लॉकवर आणि नळ्यांवर थंड पाण्याच्या तांब्यावर येतो तसा घाम येईल, आणि तो थेट मदरबोर्डवर ओघळेल. सॉकेटभोवतीचे सर्व इन्सुलेशन नीट करण्याची तयारी नसेल, तर कोकणपट्टीत हा मार्ग घेऊ नये.

रेडिएटर किती मोठा लागेल?

जुन्या जाणत्यांचा एक ढोबळ हिशेब अजूनही उपयोगी पडतो : मध्यम वेगाच्या पंख्यांनिशी, पाणी हवेपेक्षा १० अंशांनी गरम राहील असे धरून, दर १२० मिलिमीटरच्या तुकड्यामागे सुमारे १०० वॉट. २५० वॉटच्या प्रोसेसरला ३६० चा एक रेडिएटर यात बसतो. तितकाच प्रोसेसर आणि ४५० वॉटचे ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये घेतले, तर सात तुकडे लागतात. म्हणजे दोन ३६० आणि वर एक १२०, किंवा दोन मोठे ४२०. इतकी जागा नसेल, तर पंखे वेगाने फिरवावे लागतील किंवा पाणी १५ अंशांनी गरम राहणार हे स्वीकारावे लागेल. दोन्हींत गैर काही नाही, फक्त ते आधी ठरवलेले असावे.

जाडीच्या बाबतीत बरीच फसगत होते. ६० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर ३० मिलिमीटरच्या दुप्पट काम करत नाही, कारण आतल्या थरांपर्यंत पोचेपर्यंत हवा तापलेली असते. त्याचा फायदा घ्यायचा तर जास्त दाबाचे पंखे आणि त्यांचा आवाज दोन्ही पत्करावे लागतात. कॅबिनेटमध्ये जागा असेल, तर एका जाड रेडिएटरऐवजी दोन पातळ रेडिएटर घ्यावेत. त्यांना मिळणारी हवा कुठून येते, हेही पाहावे. माझा जुना २४० चा रेडिएटर कॅबिनेटच्या छताला होता आणि त्याला ग्राफिक्स कार्डाने आधीच तापवलेली हवा मिळत होती. बाजूचे झाकण काढून चाचणी घेतली, तेव्हा पाणी पाच अंशांनी उतरले. ही चाचणी प्रत्येकाने खरेदीआधी करून पाहावी; दुरुस्ती रेडिएटरची करायची की हवेच्या वाटेची, ते तिथेच कळते.

सध्याच्या बंद कूलरलाच आणखी एक रेडिएटर जोडता येईल का?

तसा प्रयत्न करू नये. अशा कूलरमध्ये बहुधा ब्लॉकची तळपट्टी तांब्याची आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असतो. दोन वेगळ्या धातूंमध्ये पाण्यातून विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियम झिजते. ही झीज रोखणारी द्रव्ये कंपनीने आतल्या द्रवात मोजून घातलेली असतात. नळी कापून साधे पाणी भरले की ते संरक्षण संपते, आणि हमीही. त्यांचे छोटे पंपही वाढीव लूप ओढण्यासाठी बनवलेले नसतात.

हाच नियम नवा लूप जुळवताना पाळावा. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र चालतात. अॅल्युमिनियमचा एकही भाग त्यांच्यात नको. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे बरेच रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात. वर्णनात धातूचा उल्लेखच नसेल, तर तो रेडिएटर घेऊ नये.

घरच्या आरओचे पाणी चालेल का? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी?

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत जास्त विचारला जातो. आरओचे पाणी पिण्यासाठी असते. त्यात क्षार शिल्लक असतात, आणि चवीसाठी काही यंत्रे ते मुद्दाम परत मिसळतात. बोअरच्या जड पाण्यापेक्षा ते बरे, पण लूपसाठी अयोग्य. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी शुद्ध असते असा समज आहे. प्रत्यक्षात ते धुळीने आणि बुरशीने भरलेल्या कॉइलवरून आलेले असते.

बॅटरीचे पाणी डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त म्हणून विकले जाते आणि सीलबंद, चांगल्या प्रतीचे असेल तर ते मूळ द्रव म्हणून वापरता येते. सुट्या कॅनमधून भरून दिलेले घेऊ नये. स्वस्त टीडीएस मीटरने तपासल्यावर आकडा शून्य ते दोन-तीन यावा. त्याच मीटरने माझ्या घरच्या आरओचा आकडा ६४ आला होता. लक्षात घ्यावे की मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतू आणि शेवाळाविषयी तो काही सांगत नाही.

म्हणूनच नुसते डिस्टिल्ड पाणी भरून थांबू नये. त्यात गंजरोधक आणि जंतुरोधक असणारे कूलंट कॉन्सन्ट्रेट सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे, किंवा तयार पारदर्शक कूलंट घ्यावे. मोटारीचे कूलंट पातळ करून वापरणारेही आहेत. ते चालून जाते, परंतु त्यातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल, तर त्याची बाटली आणि बदललेले पाणी दोन्ही जपून हाताळावे.

रंगीत, दुधाळ कूलंट वापरावे का?

छायाचित्रासाठी वापरावे आणि नंतर काढून टाकावे, असे माझे मत आहे. दुधाळ रंगासाठी द्रवात बारीक कण तरंगत ठेवलेले असतात आणि ते कालांतराने खाली बसतात. एका मित्राचा ब्लॉक दीड वर्षाने उघडला, तेव्हा तळपट्टीच्या केसाइतक्या बारीक फटींत साबुदाण्याच्या खिरीची साय धरावी तसा पांढरा थर होता, आणि पाण्याला वाट उरली होती ती दोन्ही कडांच्या चार-पाच फटींतून. मऊ दातघासणीने तो निघाला, पण त्याआधी आम्ही दोन वेळा थर्मल पेस्ट बदलून दोष तिच्यावर ढकलला होता.

पांढरा थर नेहमी कूलंटचाच असतो असेही नाही. पारदर्शक पीव्हीसी नळ्यांमधले मऊपणा आणणारे द्रव्य गरम पाण्यात पाझरते आणि तसाच चिकट थर धरते. काळी ईपीडीएम रबरी नळी दिसायला रुक्ष, पण यापासून मुक्त असते. मी तीच वापरतो.

पंप मोठा घेतल्याने तापमान उतरेल का? भागांचा क्रम कसा असावा?

आधीचा पंप थकलेला असेल तर उतरेल, अन्यथा फारसे नाही. डी५ जातीचा एक पंप साध्या लूपला पुरतो. मिनिटाला चार लिटर पाणी वाहत असेल, तर सुमारे २८० वॉट उष्णता त्या पाण्याला एका फेरीत एकच अंश तापवते. यातूनच क्रमाच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते : लूपमध्ये सर्वत्र पाण्याचे तापमान जवळपास सारखेच असते, त्यामुळे आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नळ्या जिथून आखूड आणि सरळ जातील, तो क्रम योग्य.

एकच क्रम सक्तीचा आहे. रिझर्व्हॉयर पंपाच्या आधी आणि त्याच्या वर असावा, म्हणजे पंपाला पाणी आपोआप मिळत राहते. या पंपांच्या बेअरिंगला पाण्याचेच वंगण असते. काही सेकंदही कोरडा फिरवलेला पंप खराब होऊ शकतो. पूर्ण वेगातला डी५ वीसहून अधिक वॉट घेतो आणि मदरबोर्डची साधी फॅन-पिन बहुधा १२ वॉटच देते, म्हणून वीज थेट एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) साटा किंवा मोलेक्स तारेतून द्यावी आणि मदरबोर्डला फक्त वेगाचा संकेत जोडावा.

मोठा रिझर्व्हॉयर?

तो तापण्याला उशीर लावतो, थांबवत नाही. भरायला आणि बुडबुडे काढायला सोपा पडतो, एवढाच त्याचा खरा गुण.

प्रोसेसरचे झाकण काढणे किंवा सॉकेटची पकड बदलणे फायद्याचे आहे का?

आय७-८७००केच्या काळात, २०१७ च्या सुमारास, इंटेल झाकणाखाली साधी पेस्ट भरत असे आणि झाकण काढून तिथे लिक्विड मेटल घातल्याने मोठा फरक पडत असे. २०१८ च्या आय९-९९००केपासून या वरच्या प्रोसेसरांत पुन्हा सोल्डर आले आणि जोखमीच्या मानाने फायदा बराच घटला. लिक्विड मेटलमधले गॅलियम अॅल्युमिनियम पोखरते, हेही विसरू नये.

एलजीए १७०० सॉकेटचे (इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे) प्रोसेसर मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथली मूळ पकड प्रोसेसरला मध्यभागी दाबून किंचित वाकवते आणि ब्लॉक सपाट बसत नाही. तिच्याऐवजी मिळणारी कॉन्टॅक्ट फ्रेम स्वस्त आहे आणि काही अंशांचा फरक सहज पाडते. स्क्रू थोडेथोडे, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. एक बाजू जास्त आवळली गेली तर रॅमची एखादी चॅनल दिसेनाशी होते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मूळ पकड काढल्याने हमीवर परिणाम होऊ शकतो, हे जाणून मगच हे करावे.

गळतीची तपासणी कशी करावी?

सुरुवात रेडिएटरपासून करावी. नव्या रेडिएटरमध्ये कारखान्यातल्या सोल्डरिंगचा मळ उरलेला असतो. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्धे भरून, तोंडे बंद करून तो जोरात हलवावा आणि पाणी जुन्या पांढऱ्या सुती फडक्यातून गाळावे. पहिल्या खेपेला फडक्यावर काळपट कण दिसतात. फडके स्वच्छ राहीपर्यंत हे करावे. मला सात खेपा लागल्या होत्या.

लूप जुळल्यावर शक्य असल्यास हवेच्या दाबाने तपासावे. दाबमापक असलेला छोटा हातपंप मिळतो. सुमारे अर्धा बार हवा भरून काटा पंधरा मिनिटे जागेवर राहिला तर पुढे जावे. त्यानंतर पाणी भरावे. या वेळी एसएमपीएसची मदरबोर्डला, प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला जाणारी प्रत्येक तार काढलेली असावी आणि फक्त पंपाला वीज असावी. मदरबोर्डशिवाय एसएमपीएस चालू करण्यासाठी २४ पिनांच्या तारेत बसणारा तयार जंपर घ्यावा. हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडण्याचा जुना उपाय सर्व तारा काळ्या असलेल्या आजच्या एसएमपीएसवर चुकीची पिन जोडण्याची वाट करून देतो.

प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून पंप निदान काही तास, जमल्यास रात्रभर चालवावा. माझ्या लूपमध्ये तीन तास सर्व कोरडे होते. चौथ्या तासाला ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या टिश्यूवर मोहरीएवढा ओला ठिपका दिसला. फिटिंग आवळून पाहिले, ठिपका परत आला. उघडल्यावर दिसले की काळी ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) खाचेतून निसटून आट्यांवर चढली होती आणि आवळताना कापली गेली होती. ओ-रिंगला बसवण्याआधी कूलंटचे बोट लावावे आणि फिटिंग हातानेच आवळावे. पाना लावून आवळलेली फिटिंग अॅक्रिलिकला तडा देतात. त्याच कारणाने अॅक्रिलिकच्या भागांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्पर्शही होऊ देऊ नये, जरी मदरबोर्डवर सांडलेले पाणी पुसायला तेच उत्तम असले तरी.

या सगळ्यानंतर ओव्हरक्लॉक किती वाढेल?

अपेक्षेपेक्षा कमी. खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या पटीत वाढते. ५.० वरून ५.२ गिगाहर्ट्झवर जाण्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावे लागले, तर वेग ४ टक्के वाढतो आणि उष्णता सुमारे २१ टक्के. सुधारलेले कूलिंग ती उष्णता उचलू शकते, पण पुढच्या १०० मेगाहर्ट्झसाठी तोच हिशेब आणखी कठोर होतो. ज्यांना शांत यंत्र हवे आहे, त्यांना या सुधारणेतून जास्त समाधान मिळते, असा माझा अनुभव आहे.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले प्रोसेसर चांगल्या कूलिंगने सुरक्षित होतात का?

२०२४ मध्ये या पिढ्यांतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर जो अस्थिरतेचा प्रश्न आला, त्याचे कारण प्रोसेसरला जाणारे जास्त व्होल्टेज हे होते. इंटेलने त्यावर ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. थंड पाणी व्होल्टेज कमी करत नाही. बायोस अद्ययावत करणे हे काम लूपला हात लावण्याआधीचे आहे. झालेली झीज मात्र बायोस भरून काढत नाही. यंत्र कारणाशिवाय बंद पडत असेल तर आधी प्रोसेसर बदलून घ्यावा.

देखभाल किती वेळा करावी?

रेडिएटरच्या फिनमधली धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने उडवावी. शेजारी बांधकाम चालू असेल तर महिन्याने. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. कूलंट वर्षातून एकदा बदलावे आणि त्यासाठी लूपच्या सर्वांत खालच्या जागी टी-फिटिंग व छोटा कॉक आधीच बसवावा, नाहीतर पाणी काढायला अख्खे कॅबिनेट उलटे करावे लागते. दर दुसऱ्या वर्षी ब्लॉक उघडून पाहावा. तळपट्टी साध्या तांब्याची असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये पाच मिनिटे ठेवून डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवावी. निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगर, लिंबू, चिंच आणि भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नये. साबणाचे पाणी आणि मऊ दातघासणी पुरते. गॅस्केट कसे बसले होते, त्याचे छायाचित्र उघडतानाच काढून ठेवावे.